पाठमोरी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "मालिकेचा अख्खा भाग दोनदा पाहिला, तू कुठे दिसलीच नाहीस!" नायिका रडत रडत हॉटेलातून बाहेर पडते ना, तेव्हा तिच्या उजव्या खांद्यामागे मरून कुर्त्यातली एक पाठ आहे, वेणी घातलेली. ती मी. त्या पाठीसाठी सकाळी सहाला हजर झाले आणि संध्याकाळी सातला सुटले.

बाबा काही बोलले नाहीत, पण मागून खाकरल्याचं ऐकू आलं. म्हणून हे पत्र. फोनवर मी घाईत काहीतरी सांगते आणि तुम्ही दोघं त्यातून भलताच अर्थ काढता.

पडद्यावरच्या गर्दीतलं हे काम मिळतं ते कोऑर्डिनेटरकडून, म्हणजे शूटिंगला माणसं पुरवणाऱ्याकडून. शूटिंगवाले त्याला कळवतात, उद्या कोर्टात बसायला तीस माणसं हवीत, त्यात दहा बायका, चार म्हातारे. तो आपल्याजवळच्या फोटोंतून माणसं निवडतो. फोटो अगदी साधे लागतात. एक चेहऱ्याचा, एक डोक्यापासून पायापर्यंतचा, मेकअप नाही, गॉगल नाही, आणि मुख्य म्हणजे आत्ताचे. सोबत वय, उंची, कपड्यांची मापं, चपलेचा नंबर. अभिनय येतो का, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. निरोप मात्र आदल्या रात्री येतो, आणि 'येते' म्हणून न जाणाऱ्याला पुन्हा निरोप येत नाही.

आता एक सांगूनच टाकते. सुरुवातीला मी फसले. एकाने नोंदणीची फी घेतली, वर त्याच्याच ओळखीच्या फोटोग्राफरकडून महागडे फोटो काढायला लावले. काम एकही आलं नाही आणि पुढे त्याचा फोनही लागेना. बाबा 'मी म्हटलंच होतं' म्हणतील म्हणून तेव्हा बोलले नाही. सरळ व्यवहार करणारा कोऑर्डिनेटर आपल्या मजुरीतून कमिशन कापतो, आधी पैसे मागत नाही, एवढं त्यातून शिकले.

सेटवर गेल्यावर बराचसा वेळ बसण्यात जातो. आई, तुझं अर्धं स्वेटर तिथे विणून होईल. (पण सुया आत नेऊ देतील की नाही, शंकाच आहे. मोबाइलसुद्धा काढून ठेवायला लावतात, फोटोबिटो तर नाहीच.) मग एकदम धावपळ. माझं नेहमीचं काम म्हणजे 'पासिंग', म्हणजे कलाकारांच्या मागून इकडून तिकडे चालत जायचं. हे सोपं वाटतं ना? आधी 'बॅकग्राउंड' अशी हाक येते, आम्ही चालू लागतो, आणि मग 'अ‍ॅक्शन', म्हणजे दृश्य सुरू होतं तेव्हा मागचं जग आधीच हललेलं असतं. माइकला फक्त संवाद हवे असतात, त्यामुळे आम्ही ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. हॉटेलातला तो गोंगाट नंतर भरलेला. एकदा पार्टीच्या दृश्यात संगीत बंद करून आम्हाला नाचवलं. चाळीस माणसं चिडीचूप शांततेत ठेक्यावर नाचताहेत आणि मधोमध दोघं कुजबुजताहेत. मला इतकं हसू येत होतं की मी खांब शोधला.

खरी कसोटी कंटिन्युइटीची, म्हणजे दर वेळी सगळं तंतोतंत तसंच ठेवण्याची. नायिका 'तू बदललास' म्हणाली तेव्हा मी ग्लास उचलला असेल, तर प्रत्येक टेकला त्याच शब्दावर, त्याच हाताने उचलायचा. मग कॅमेरा दुसऱ्या बाजूला जातो आणि सगळं पुन्हा. एकाने रात्री घरी जाऊन दाढी केली. दृश्य तेच, तारीख दुसरी! बिचारा दिवसभर झाडामागे उभा होता.

आणि तू दिलेला बारीक रेघांचा कुर्ता मी का नेत नाही, त्याचं उत्तरही हेच, कॅमेरा. बारीक रेघा पडद्यावर लहरल्यासारख्या दिसतात. पांढराशुभ्र नको, छापील अक्षरं नकोत. घरी मात्र तोच घालते, शपथ.

पाठमोरी का बसवली म्हणून तुला वाईट वाटलं, पण त्यात माझा फायदाच आहे. चेहरा एकदा ठळक दिसला की त्या मालिकेत पुन्हा घेताना ते कचरतात. सोमवारची नर्स गुरुवारी वकील कशी? पाठीला कोण ओळखतं? या मालिकेत मी तीनदा जाऊन आले.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, आता गर्दी संगणकावर करतात म्हणे, मग तुला कोण बोलावणार? 1982 मध्ये आलेल्या 'गांधी'तल्या अंत्ययात्रेसाठी दिग्दर्शक अटेनबरोंनी सुमारे 3 लाख माणसं जमवली होती. तसं आता कोणी करणार नाही, पुढच्या रांगा खऱ्या आणि मागचा समुद्र संगणकातला. पण दोन माणसं टेबलाशी भांडताहेत आणि मागून कोणी पाणी घेऊन चाललंय, ते अजून आमच्याकडेच आहे. किती दिवस राहील, कोण जाणे. यावर पोट भरत नाहीच. आठ दिवस सलग काम, मग पंधरा दिवस शुकशुकाट. म्हणून शिकवण्या सोडलेल्या नाहीत, काळजी नसावी.

आता खरं काम. आमच्या कोऑर्डिनेटरला दवाखान्याच्या दृश्यांसाठी सत्तरीची माणसं हवी असतात आणि ती मिळत नाहीत. ज्यांना वेळ आहे त्यांची मुलं सोडत नाहीत. मी सोडते आहे. बाबा, बाकावर बसून समोर बघत राहायचं, एवढंच, आणि डॉक्टर झालेल्या नटाला औषधाबद्दल काही विचारायचं नाही. आईलाही घेऊन या, शेजारी बसवतील.

उलट टपाली दोघांची उंची आणि चपलेचे नंबर कळवा. फोटो मी आल्यावर काढीन. आणि बाबा, तोवर दाढी करू नका.

तुमची,
मनू