विषय : जे फर्मवेअर टाकताच आलं नाही, ते टाकल्याबद्दल नाकारलेली वॉरंटी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

तुमच्या हेल्पलाइनवरचा सातवा फोन आत्ताच ठेवला, आणि हे लिहायला बसलोय. फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आत बसलेलं, तो चालवणारं सॉफ्टवेअर, हे तुम्हाला समजावायची गरज नसावी. तुमच्या फोनवरच्या मंडळींना आहे, पण ते पुढे येईलच.

गेल्या दिवाळीत मेहुण्याच्या घरी तुमच्याच या मॉडेलच्या राउटरवर मी ओपनडब्ल्यूआरटी (लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर उभं असलेलं फुकटचं फर्मवेअर) टाकलं. तुमच्याच अ‍ॅडमिन पानावरून त्याची फॅक्टरी इमेज (पहिल्यांदा टाकायची फाइल) चढवली, लॅन केबल लावून १९२.१६८.१.१ हे राउटरचं पान उघडलं, वाय-फाय चालू केलं (सुरुवातीला ते बंद असतं), अर्ध्या तासात काम संपलं. त्यांच्याकडे कोणी मोठी फाइल अपलोडला लावली की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळायचा. ओपनडब्ल्यूआरटीतलं एसक्यूएम (सगळ्यांच्या डेटाची रांग नीट सांभाळणारी सोय) लावल्यावर ते थांबलं. तुमचं स्वतःचं शेवटचं अपडेट २०२१ चं आहे.

म्हणून घरी तेच मॉडेल मागवलं. तेच नाव, तोच खोका, त्याच चार अँटेना. उलटा करून पाहिला तर तळाच्या स्टिकरवर मुंगीएवढ्या अक्षरात 'व्ही २'. खोक्यावर याचा पत्ता नाही, विक्रीच्या पानावर नाही. व्ही १ मध्ये, म्हणजे मेहुण्याकडच्या पहिल्या आवृत्तीत, १६ एमबी फ्लॅश (साठवणीची मेमरी), १२८ एमबी रॅम आणि मीडियाटेकची चिप. व्ही २ मध्ये ८ आणि ६४, आणि वाय-फायला ब्रॉडकॉमची चिप, जिला धड मुक्त ड्रायव्हर (चिप चालवणारा, खुल्या कोडचा प्रोग्रॅम) नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत समोर सरळ 'सपोर्ट नाही'. किंमत मात्र तीच, एक रुपया कमी नाही. लिंकसिस कंपनीनेही तिच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या व्ही ५ मध्ये मेमरी निम्मी करून लिनक्स काढून टाकलं होतं, पण त्यांनी नंतर लिनक्सवाला राउटर डब्ल्यूआरटी५४जीएल नावाने वेगळा तरी विकला. तुम्ही पाटी तीच ठेवून आतला माल बदललात.

तरी गिळलं. म्हटलं, तुमचंच फर्मवेअर वापरू. तिसऱ्या आठवड्यापासून राउटर रोज रात्री आपोआप रीस्टार्ट होतो. म्हणून फोन. आजचा संवाद जसाच्या तसा देतो, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, 'गुणवत्तेसाठी'.

"सर, राउटर पाच मिनिटं बंद करून चालू करा."
"तो ते स्वतःच करतोय. तीच तक्रार आहे."
"सर, सिस्टिममध्ये दिसतंय, तुम्ही थर्ड पार्टी सॉफ्टवेअर टाकलंय. वॉरंटी व्हॉइड आहे."
"टाकलं नाही. टाकता येईल का, एवढंच पहिल्या फोनवर विचारलं होतं."
"विचारलं म्हणजे टाकलंच असेल ना, सर."
"अहो, या राउटरवर ते चालतच नाही!"
"तेच तर सर. चालत नाही ते टाकलं, म्हणून बिघडला."

मी दोन मिनिटं गप्प होतो. त्यांना वाटलं फोन कट झाला. मग सीनियर मागितले. अकरा मिनिटं सनई ऐकवली आणि सीनियर म्हणाले, "सर, हे लिनक्स वगैरे टाकलं की व्हायरस येतो. आमचं ओरिजिनल सॉफ्टवेअरच वापरा."

साहेब, तुमचं ओरिजिनल सॉफ्टवेअर लिनक्सच आहे! खोक्यात आठ घड्या घातलेला जो कागद तुम्हीच टाकता, त्यावर जीपीएलचा, म्हणजे लिनक्सच्या मुक्त परवान्याचा, मजकूर आहे आणि लेखी मागितल्यास सोर्स कोड देऊ असं वचन आहे. मी लेखी मागितला. लिंक आली. लिंकवर व्ही १ चा कोड. जो राउटर माझ्याकडे नाही, त्याचा. लोकांचं फुकटचं लिनक्स घेऊन राउटर विकायचे आणि त्याच लिनक्सला व्हायरस म्हणायचं, याला हिंमत लागते.

पुन्हा सांगतो, कारण सात वेळा सांगूनही कोणाच्या टाळक्यात शिरलेलं नाही : मी या राउटरमध्ये काहीही टाकलेलं नाही. स्टेटस पानावर तुमचीच आवृत्ती दिसते, फोटो जोडला आहे.

वॉरंटीत राउटर बदलून द्या, आणि देताना व्ही १ द्या. तो उरला नसेल तर पैसे परत करा. तक्रारीवरचा तो खोटा शेरा पुसा, व्ही २ चा सोर्स कोड पाठवा आणि खोक्यावर व्हर्जन छापा. शाईला किती खर्च येतो ते मला कळवा, मी भरतो.

पंधरा दिवस थांबेन. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही, हे मी पाहून ठेवलंय. आमच्या घरातला हा तुमचा तिसरा राउटर. पहिला नऊ वर्षं चालला, आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. त्या कंपनीचं काय झालं, कळत नाही.

उत्तर लेखी द्या, फोन नको. आणि 'पाच मिनिटं बंद करून चालू करा' असं लिहून आलं, तर तो कागदही आयोगापुढे जोडणार आहे.

तुमचा (अजून तरी) ग्राहक

सोबत : बिल, तळाच्या स्टिकरचा फोटो (भिंगातून काढलेला), स्टेटस पानाचा फोटो, तो आठ घड्यांचा कागद