सीईटीचे गणित: अकरावीतच सांगायला हवे असे काही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा शेवटचा पेपर झाला, की अमळनेर तालुक्यातली मुले माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘सर, सीईटीला गणितात नेमकं काय येतं?’ (सीईटी म्हणजे अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी राज्यात होणारी सामाईक प्रवेश परीक्षा.) कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे गणित शिकवल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की या प्रश्नाचे उत्तर अकरावीच्या पहिल्याच महिन्यात मिळायला हवे. एप्रिलमध्ये ते ऐकून फारसा उपयोग होत नाही.

अभियांत्रिकीसाठी जो पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गट आहे, त्याच्या २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. प्रश्न ५०, प्रत्येकी २ गुण आणि वेळ ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. बोर्डाचा ८० गुणांचा पेपर ३ तास चालतो आणि तिथे प्रत्येक पायरीला गुण असतात. सीईटीत संगणकाच्या पडद्यावर दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असते, पायऱ्या कोणी पाहत नाही. शून्य ते पाय (π) छेद दोन या मर्यादांमधले, साइन भागिले (साइन अधिक कॉस), असे संकलन (इंटिग्रेशन) आले, तर बोर्डाच्या सवयीने मुलगा चार-पाच ओळी लिहीत बसतो. ज्याला संकलनाचा गुणधर्म मनापासून समजला आहे, त्याला मात्र दिसते, की अंशात साइनऐवजी कॉस घेतला तरी किंमत तीच राहते आणि दोन्हींची बेरीज पाय छेद दोन होते, म्हणून उत्तर पाय छेद चार. हे त्याला अर्ध्या मिनिटात जमते. रेषेचे समीकरण विचारले असेल, तर दिलेला बिंदू पर्यायांत घालून पाहिला, की दोन पर्याय बहुधा तिथेच गळतात. याला कोणी पळवाट म्हणू नये, कारण समीकरण म्हणजे काय हे उमगल्याशिवाय ती रीत सुचत नाही.

अकरावीकडे आपल्याकडे विसाव्याचे वर्ष म्हणून पाहिले जाते, याचे मला फार वाईट वाटते. सीईटीत २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो, म्हणजे गणिताचे साधारण १० प्रश्न आणि २० गुण. सरळ रेषा, वर्तुळ, संमिश्र संख्या, क्रमचय व संचय, संभाव्यता, फलने आणि सीमा (लिमिट) ही त्यातली प्रकरणे. शिवाय सीमा कच्ची राहिली, तर बारावीचे विकलनही (डिफरन्सिएशन) कच्चेच राहते, त्यामुळे नुकसान या २० गुणांवर थांबत नाही.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही घेता येतात, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीतच असतो. यावल-रावेरच्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या मुलीला लंबदुभाजक उत्तम काढता येतो; पण पडद्यावर ‘परपेंडिक्युलर बायसेक्टर’ असे शब्द आले, की तिची पहिली वीस सेकंदे अर्थ लावण्यात जातात. ही उणीव गणिताची नव्हे, आणि वर्गात प्रत्येक संज्ञा पहिल्या दिवसापासून दोन्ही भाषांत फळ्यावर लिहिली, तर ती सहज भरून निघते.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ७० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ७० गुण नव्हेत, तर त्या सत्रातल्या ७० टक्के परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ, हे पालकांनाही समजावून सांगावे लागते.

मुलांना शिकवणीसाठी लातूरला किंवा कोट्याला पाठवण्याची ऐपत प्रत्येक कापूस उत्पादकाची नसते. म्हणून खान्देशातल्या कनिष्ठ महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे, की बोर्डाची परीक्षा संपल्यापासून सीईटीपर्यंत आपली संगणक प्रयोगशाळा रोज दीड तास या मुलांसाठी उघडी ठेवावी आणि घड्याळ लावून ५० प्रश्न पडद्यावर सोडवून घ्यावेत. आपल्या दैनिकानेही अकरावीचे वर्ग भरू लागताच या परीक्षेचे स्वरूप एकदा ठळकपणे छापावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव