बाबांचं लोहाचं इंजेक्शन का थांबवलं

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांचा ताप उतरला हे ऐकून जीव भांड्यात पडला. आई, तुझा एक प्रश्न मात्र फोनवर घाईत राहून गेला. हिमोग्लोबिन एवढं उतरलेलं असताना डॉक्टरांनी शिरेतून द्यायचं लोह का थांबवलं? तुला ती हयगय वाटली. मला त्यांचा निर्णय अगदी बरोबर वाटतो. हा माझ्या रोजच्या कामाचाच विषय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांच्या ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तात जिवाणू आहेत का ते पाहायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जिवाणू सापडला. एरवी तो आपल्या आतड्यात मुकाट राहतो. लघवीच्या मार्गाने तो रक्तात शिरला. रक्तात शिरला म्हणजे त्याची चंगळ झाली असं वाटतं, पण तसं नसतं. रक्तातल्या पेशी वगळून उरतो तो प्लाझ्मा. त्यात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात आणि ती जिवाणूच्या आवरणाला भोकं पाडतात. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा ई. कोलायचा के-12 हा वाण ताज्या प्लाझ्मात तग धरत नाही. रुग्णाच्या रक्तातून निघालेले वाण मात्र टिकतात, कारण त्यांच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं जाड पांघरूण असतं.

एवढ्यातून वाचला तरी त्याला वाढायला लोह लागतं, आणि प्लाझ्मात मोकळं लोह जवळजवळ नसतंच. ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन ते धरून ठेवतं. याचा शोध अंड्यापासून लागला, हे मला फार आवडतं. 1944 मध्ये शेड आणि कॅरोलाइन या अमेरिकी संशोधकांना दिसलं की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात आमांशाचे जिवाणू वाढत नाहीत आणि लोह घातलं की वाढू लागतात. दोनच वर्षांनी त्यांनी माणसाच्या प्लाझ्मातही लोह धरून ठेवणारा तसाच घटक दाखवून दिला.

जिवाणूही गप्प बसत नाही. लोहाची टंचाई जाणवताच ई. कोलाय एन्टेरोबॅक्टिन नावाचा छोटा रेणू बाहेर सोडतो. तो ट्रान्सफेरिनकडचं लोह ओढून आणतो. आपल्या पांढऱ्या पेशींकडे त्यावरही उतारा आहे. त्यांचं एक प्रथिन एन्टेरोबॅक्टिनलाच पकडतं. मग रक्तात टिकणारे अनेक वाण त्या रेणूला ग्लुकोज जोडतात, आणि आपल्या प्रथिनाला तो पकडताच येत नाही. कोट्यवधी वर्षांची ही झटापट बाबांच्या शिरांमध्ये चालू होती.

आता डॉक्टरांकडे येते. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं. आतडं लोह शोषणं कमी करतं, साठ्यातलं लोहही बाहेर येत नाही. घरात चोर शिरल्याची चाहूल लागताच किल्ल्या लपवाव्यात, तसं. बाबांच्या रिपोर्टमध्ये सीरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह) खाली आणि फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) वर दिसतंय, त्यामागे हेही आहे. शिरेतून दिलेलं लोह आतड्याचा हा पहारा चुकवून थेट रक्तात जातं. म्हणून संसर्ग अंगात असेपर्यंत ते देत नाहीत.

हे किती खरं आहे ते एका घटनेत दिसतं. 2009 मध्ये शिकागो विद्यापीठातले जनुकशास्त्रज्ञ माल्कम कॅसाडाबान प्लेगच्या मुद्दाम दुबळ्या केलेल्या वाणाच्या संसर्गाने गेले. रक्तातून लोह मिळवण्याची त्या जिवाणूची मुख्य यंत्रणाच नाहीशी झालेली होती. पण कॅसाडाबान यांना शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक आजार होता, तोवर कळलेला नव्हता. त्या जादा लोहानेच बहुधा जिवाणूला बळ मिळालं.

आई, खजूर, अळीव, पालेभाज्या बिनधास्त दे. जेवणातून येणारं लोह किती घ्यायचं ते आतडं ठरवतं. जुन्या लोहाच्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नकोस, डॉक्टरांना विचार. बाबा, बरं वाटतंय म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडू नका. हुडहुडी भरली, लघवी कमी झाली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला, तर रात्र असली तरी ताबडतोब दवाखाना गाठा, मला फोन नंतर करा. संसर्ग गेल्यावर लोहाच्या तपासण्या पुन्हा होतील, तेव्हा रिपोर्टचा फोटो पाठवा. इंजेक्शन कधी सुरू करायचं ते मी डॉक्टरांशी बोलून घेईन.

तुमची,
लेक