सर म्हणाले म्हणून

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, इथे सगळ्या तसंच करतात." मी तेव्हा विषय वाढवला नाही. तुझी नाईट सुरू होणार होती, डोक्याला ताप घेऊन तू वॉर्डात जाऊ नयेस असं वाटलं. पण नंतर मला झोप लागली नाही. दोनचा आणि चारचा बीपी न घेता सहा वाजता चार्टमध्ये एकदम भरायचा, आधीच्या आकड्यात थोडं इकडेतिकडे करून. हे तुला सीनियर सिस्टरने पहिल्याच आठवड्यात दाखवलं आणि तूही तीन रात्री तसंच केलंस. तू मला आपणहून सांगितलंस, याचं मला खूप मोल आहे. मी रागावलेली नाही. रागवायचा मला हक्कही नाही, तो का नाही ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

तू चार वर्षांची होतीस. मी काही नवखी नव्हते, नोकरीला सात वर्षं झाली होती. लहान मुलांच्या वॉर्डात ड्युटी होती. अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा, ताप, गुडघे सुजलेले. पुढे हृदयाला त्रास होऊ नये म्हणून सरांनी राउंडला पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहिलं. त्याने ते आधी कधीच घेतलेलं नव्हतं. मी ट्रे आणला, टेस्ट डोसची सिरिंज भरली. खाली ओपीडी तुंबली होती. सर म्हणाले, "आता अर्धा तास कोण थांबणार? द्या सरळ."

औषध सोसतं की नाही ते बघायला हाताच्या कातडीत त्याचा एक थेंब टोचायचा, भोवती पेनाने गोल करायचा, अर्धा तास वाट बघायची. हे मी शेकडो वेळा केलं होतं, नव्या मुलींना शिकवलं होतं. मी इनचार्ज सिस्टरांकडे पाहिलं. त्या केसपेपर चाळत होत्या. दोन्ही हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, खाली बघत होते, दुसरी स्टाफ पडदा सरकवत होती. मला वाटलं, एवढी माणसं गप्प आहेत म्हणजे चालत असेल. त्यांनाही कदाचित माझ्याकडे बघून तसंच वाटलं असेल. मी इंजेक्शन दिलं.

पाच मिनिटंही गेली नसतील. त्याची आई ओरडली, "सिस्टर, पोरगं असं का करतंय?" अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ निळे पडले होते, श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. अशा रिॲक्शनवरचं औषध, ॲड्रिनॅलीन, ट्रेमध्येच होतं, हाउसमनने क्षणात दिलं, ऑक्सिजन लावला, आणि पोरगा वाचला. केसपेपरवर 'औषधाची रिॲक्शन' एवढंच लिहिलं गेलं. टेस्ट डोस केला नव्हता, हे सरांनी लिहिलं नाही आणि मीही लिहिलं नाही.

पुढे नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर झाल्यावर मुलींना मानसशास्त्र शिकवताना मला एक प्रयोग वाचायला मिळाला. चार्ल्स हॉफलिंग नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने तो खऱ्याखुऱ्या वॉर्डांमध्ये केला आणि १९६६ साली प्रसिद्ध केला. संध्याकाळी वॉर्डात एकटी नर्स असायची. फोन वाजायचा. पलीकडे एक डॉक्टर, जे तिने कधी पाहिलेले नव्हते. अमुक पेशंटला 'ॲस्ट्रोटेन' (नर्सना अनोळखी असलेलं औषध) २० मिलिग्रॅम द्या, मी दहा मिनिटांत येतो, तेव्हा ऑर्डरवर सही करीन, असं ते सांगायचे. डबीवर स्पष्ट छापलं होतं: दिवसाचा जास्तीत जास्त डोस १० मिलिग्रॅम. फोनवरच्या ऑर्डरवर औषध देऊ नये, हा नियमही नर्सना ठाऊक होता. तरी २२ पैकी २१ जणी औषध काढून पेशंटकडे निघाल्या. वाटेत त्यांना थांबवलं गेलं. डबीत नुसत्या साखरेच्या कॅप्सूल होत्या.

हे वाचून मला माझीच लाज थोडी कमी वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त लागली. वेगळ्या १२ नर्सना हाच प्रसंग नुसता सांगून विचारलं, तुम्ही काय कराल? दहा जणी म्हणाल्या, आम्ही देणार नाही. शिकणाऱ्या २१ मुलींना विचारलं, तर एकजात सगळ्या नाही म्हणाल्या. मनू, तूही तेव्हा नाहीच म्हणाली असतीस, आणि मीसुद्धा. खुर्चीत बसून आपण सगळ्या धीट असतो. हातात ट्रे असतो, समोर कोट घातलेला माणूस घाईत असतो, तेव्हा तोंड उघडत नाही. तसं वागणारी बाई वाईट असते असं मी मानत नाही. आपल्याला पहिल्या वर्षापासून ऑर्डर पाळायचंच वळण लावलेलं असतं, आणि नव्वद टक्के वेळा तेच बरोबरही असतं. म्हणून तर ते इतकं अंगात मुरतं.

१९७७ साली दुसऱ्या दोघांनी असाच प्रयोग परत केला, पण दोन गोष्टी बदलल्या. औषध नर्सना माहितीतलं होतं, व्हॅलियम. आणि त्यांना आपसात बोलायची मोकळीक होती. त्या वेळी १८ पैकी दोघीच द्यायला तयार झाल्या. मी वर्गात हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे आणि मुलींना काही न सांगता थोडा वेळ बघू द्यायचे. स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने येल विद्यापीठात प्रयोग केले, त्यातही असंच दिसलं. तिथे वरच्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला बटण दाबून विजेचे वाढते झटके द्यायचे होते; झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नसायचं. एकट्या माणसांपैकी ४० मधले २६ शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. पण शेजारी बसलेल्या दोघांनी आधी नकार दिला, तेव्हा ४० पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले.

तेव्हा माझं ऐकशील तर वॉर्डात तुझ्यासारखी एक मुलगी शोध. एकच पुरे. तिला सांग, मी अडले तर तुला विचारीन, तू अडलीस तर मला विचार. आणि ऑर्डर मोठ्याने परत म्हणायची सवय लाव: "सर, वीस म्हणालात ना? डबीवर दहाच्या वर नको असं लिहिलंय." एवढं म्हणायला भांडावं लागत नाही. आवाज थरथरला तर थरथरू दे. चांगले डॉक्टर थांबतात, बघतात. चिडणारेही पुष्कळदा मनातून हायसे होतात, हे मी पाहिलं आहे.

चार्टचं म्हणशील तर दोनचा बीपी दोनला घे. एका रात्री तुला इतके पेशंट दिले की जमलंच नाही, तर तो चौकोन रिकामा ठेव आणि बाजूला 'घेता आला नाही' लिहून सही कर. खोट्या आकड्यांनी भरलेला चार्ट बघून मेट्रनला कधीच कळणार नाही की तुमच्याकडे माणसं कमी आहेत. सीनियर सिस्टर तुझ्यावर रुसेल. थोडे दिवस डबा एकटीने खावा लागेल. ते सोपं नाही, मला माहीत आहे. त्या दिवसांत मला रोज फोन कर, कितीही वाजता.

त्या मुलाचं राहिलं. डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या आईने पिशवीभर ओल्या शेंगा आणल्या, गावच्या रानातल्या. म्हणाली, "तुमच्यामुळं वाचलं पोरगं." मी ती पिशवी घेतली. खरं काय ते तिला सांगितलं नाही. घरी येऊन शेंगा मीठ घालून उकडल्या आणि तुला मांडीवर घेऊन एकेक सोलून भरवल्या. तुला फार आवडल्या होत्या. मला एकही खाववली नाही.

तुझी,
आई