रिसोटोला क्रीम नको, इंद्रायणी हवा

संपादक महोदय,

जुलैत आपल्या रविवार पुरवणीत तव्यावर भाजलेला मासा, परतलेल्या भाज्या आणि त्याखाली रिसोटो, म्हणजे इटलीचा सरबरीत भात, अशी पाककृती आली होती. नातीने कात्रण फ्रिजवर लावलं, म्हणून करून पाहिली. साहित्यात आर्बोरियो तांदूळ, ‘कोणत्याही पांढऱ्या माशाचे फिले’ (काटा काढलेल्या तुकड्या) आणि पाऊण कप क्रीम. माझी पहिली हरकत क्रीमला आहे.

रिसोटोचा तो सरबरीत दाटपणा तांदळाचाच असतो. इटलीच्या उत्तरेला, पो नदीच्या खोऱ्यात पिकणारा आर्बोरियोसारखा आखूड, जाड दाण्याचा तांदूळ न धुता लोण्यावर परततात आणि कढत पाणी (इथे माशाचं डोकं-काटा उकळून काढलेलं) पळीपळीने घालत ढवळत राहतात. दाण्याला दाणा घासून स्टार्च सुटतो. शेवटी गॅस बंद करून थंड लोणी घोटायचं, झालं. क्रीम घातलं की माशाच्या पाण्याची चव दबते.

मोकळा भात होत नाही म्हणून इंद्रायणी तांदळाच्या ज्या चिकटपणाला आपण नावं ठेवतो, तोच इथे कामाचा. मावळातला इंद्रायणी तर आंबेमोहोराच्याच वंशातला. पहिल्यांदा मी पुरवणीतलं वाचून परदेशी पुडा आणला. तेवढ्या पैशांत आमच्या वाण्याकडे चार किलो इंद्रायणी आला असता. पुढच्या वेळी इंद्रायणीच घेतला. धुतला नाही, निवडून ओल्या फडक्याने पुसला. एका वाटीला साडेतीन वाट्या पाणी लागलं, तेही रावसाचं डोकं आणि काटा वीस मिनिटं मंद उकळून गाळलेलं. जास्त उकळलं तर कडवट होतं. माझ्या गॅसवर १४ मिनिटांत भात तयार. माझी आई आजारपणात करायची तो आसट भात यापासून फार लांब नाही; फक्त इथे दाण्याच्या पोटात किंचित कणी राहू द्यायची.

आता मासा. ‘पांढरा मासा’ वाचून माणूस दुकानातला बर्फातला बासा उचलतो. त्याची कातडी काढून टाकलेली असते आणि पाणी इतकं सुटतं की तव्यावर भाजण्याऐवजी तो शिजतो. मी सिटीलाइटजवळच्या गोपी टँक बाजारात मावशींना सांगते, ‘रावस, काटा काढून, पण कातडी ठेवा.’ घरी तुकडी फडक्याने अगदी कोरडी करायची, ऐन वेळी मीठ लावायचं आणि तापलेल्या बिडाच्या तव्यावर कातडी खाली ठेवायची. पहिलं अर्धं मिनिट उलथन्याने दाबून धरायची, नाहीतर ती आकसते. मग हात लावायचा नाही. कातडी कुरकुरीत झाली की तुकडी आपणहून सुटते. तीन हिस्से वेळ कातडीवर, एक हिस्सा उलटून. त्याच तव्यात फरसबी आणि शिराळ्याच्या फोडी मोठ्या आचेवर परतायच्या. शिराळ्याला मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. (चीज घालू नये. माशाच्या रिसोटोवर इटलीतही सहसा घालत नाहीत.)

दुसरी हरकत वेळेबद्दल. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण हा मासळीच्या विणीचा काळ. नेमक्या त्याच दिवसांत ताज्या माशाची पाककृती छापली गेली. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून मान दिला, आणि आजही बाजारात तळहाताएवढी, पोटात अंडीही न धरलेली पापलेटं वाट्यावर मांडलेली दिसतात. घेणारे आपणच. जाणत्या वर्तमानपत्राने लिहिलं तर गिऱ्हाईक विचारील की एवढं लहान का धरलं.

म्हणून विनंती अशी. माशाच्या पाककृतीवर माशाचं नाव छापा: रावस, सुरमई, जिताडा, जे असेल ते. तो कोणत्या महिन्यात घ्यावा आणि किती मोठा असावा, हेही एका ओळीत लिहा. तांदळाचंही तसंच. आणि जून-जुलैत सोडे, सुकट, जवळा अशा सुक्या मासळीला जागा द्या. सोड्यांच्या पाण्यातही हा भात उत्तम होतो, मी केला आहे.

एक वाचक, माहीम