दुरुस्तीतले दिवस वॉरंटीतून का कापता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून २०२४ मध्ये घेतलेल्या माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर मार्च २०२५ मध्ये उजव्या कडेला एक हिरवट उभी पट्टी दिसू लागली. झाकण जरा मागे कलवले की पट्टी यायची, पुढे ओढले की जायची आणि तासभर काम होऊन यंत्र तापले की सगळा पडदाच फडफडायचा. वॉरंटी एक वर्षाची असल्याने तीन महिने हाताशी होते. मी कराडमध्ये घरीच डीटीपीची कामे करते. परीक्षेच्या हंगामात, शाळांच्या प्रश्नपत्रिका अर्धवट असताना यंत्र देणे जिवावर आले होते, तरी एसटीने कोल्हापूर गाठून ते कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जमा केले.

तिथे मिळालेल्या जॉबशीटवर, म्हणजे यंत्र जमा केल्याच्या नोंदीच्या कागदावर, ‘ग्राहकाची तक्रार’ असा बोटभर रुंदीचा रकाना होता. कोणत्या कोनात पट्टी येते, किती वेळाने पडदा फडफडतो, हे मी सांगत राहिले आणि काउंटरवरच्या मुलीने ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ एवढे दोनच शब्द लिहिले. “सविस्तर लिहायला जागा नाही, मॅडम,” हे तिचे म्हणणे अगदी खरे होते. पण पुढे जे घडले ते सारे त्या दोन शब्दांमुळे घडले, असे माझे मत झाले आहे.

१९ दिवसांनी यंत्र परत आले तेव्हा जॉबशीटवर ‘ड्रायव्हर अपडेट केला’ असा शेरा होता. वास्तविक यंत्र सुरू करताच, विंडोज उघडण्याच्या आधी, कंपनीचे बोधचिन्ह झळकते त्या क्षणीही पट्टी दिसत होती. ड्रायव्हर म्हणजे पडद्यावरचे चित्र हाताळणारे सॉफ्टवेअर, त्याचे काम विंडोजसोबत सुरू होते, त्यामुळे हा दोष ड्रायव्हरचा असणे शक्यच नव्हते. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी पट्टी पुन्हा हजर झाली. एप्रिलमध्ये दुसरी खेप केली. या वेळी २३ दिवस गेले आणि शेरा मिळाला, ‘दोष आढळला नाही’. टेबलावर झाकण एकाच कोनात उघडे ठेवून पाहिले तर तो आढळणार तरी कसा? त्यानंतर आठ-दहा दिवस पट्टी दिसली नाही, मग पुन्हा दिसू लागली. हातातली कामे संपवून १७ जूनला मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा वॉरंटी ११ जूनलाच संपल्याचे आणि पडद्याचे पॅनेल बदलण्यासाठी जीएसटी धरून ११,८०० रुपये भरावे लागतील असे सांगण्यात आले. आधीचे ४२ दिवस यंत्र त्यांच्याच कपाटात होते, हे मी दाखवून दिले. त्यावर ‘दुरुस्तीमुळे वॉरंटीची मुदत वाढत नाही’ या वॉरंटी पुस्तिकेतल्या ओळीवर पेनाने खूण करून पुस्तिका माझ्यापुढे सरकवण्यात आली.

अखेर कराडमधल्याच एका दुरुस्तीवाल्याने एचडीएमआय केबलने लॅपटॉप दुकानातल्या टीव्हीला जोडला. टीव्हीवर चित्र स्वच्छ होते. म्हणजे मदरबोर्डची, म्हणजे यंत्रातल्या मुख्य सर्किटची, बाजू ठीक आणि दोष पॅनेलमध्ये किंवा पॅनेलकडे जाणाऱ्या केबलमध्ये, एवढे पाच मिनिटांत ठरले. वॉरंटी संपलेलीच असल्याने त्याने माझ्यासमोर पडद्याची चौकट उघडली. बिजागरीतून वळसा घेऊन जाणारी चपटी केबल एका जागी चेपली होती आणि भिंगाखाली तिचे वरचे आवरण सोलवटलेले दिसत होते. झाकणाच्या प्रत्येक उघडझापीला ती तिथेच दुमडत होती. नवी केबल आणि मजुरी मिळून १,४०० रुपये झाले. पॅनेल आजही जुनेच आहे आणि उत्तम चालते आहे.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीने उत्तरादाखल ‘दोष आढळला नाही’ हा शेरा असलेली तीच जॉबशीट पाठवली. ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे त्यानेच लिहिलेला कागद पुरावा ठरतो आणि त्यावर ग्राहकाच्या तोंडचे एक वाक्यही नसते, माझी हरकत नेमकी याला आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये मला असेही ऐकवण्यात आले की, तुम्ही यंत्र व्यवसायासाठी वापरता, तेव्हा तुम्ही ग्राहकच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वेगळे सांगतो: केवळ उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणारी व्यक्ती ग्राहकच असते. दावा कारण घडल्यापासून दोन वर्षांत आणि आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाखल करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्कही पडत नाही. माझ्या बाबतीत तो आयोग साताऱ्याचा आहे आणि चेपलेली केबल मी पाकिटात जपून ठेवली आहे.

परंतु प्रत्येकाला आयोगाची पायरी चढायला लावणे हा काही उपाय नव्हे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार, कायदेशीर हमीच्या काळात ग्राहकाने वस्तू बदलून घेण्याऐवजी दुरुस्ती स्वीकारली तर ती हमी १२ महिन्यांनी वाढते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे संकेतस्थळही सुरू केले. दुरुस्तीची माहिती एका जागी मिळते हे चांगलेच आहे. वॉरंटीचे दिवस कसे मोजायचे, हे मात्र अजूनही ज्याने त्याने आपल्या पुस्तिकेत लिहावे तसेच चालू आहे.

बारा महिने वाढवून द्या, अशी माझी मागणी नाही. यंत्र जमा केल्यापासून परत मिळेपर्यंतचे दिवस वॉरंटीत मोजू नयेत. एकदा वॉरंटीच्या आत नोंदवलेला दोष पुन्हा उद्भवला तर तो जुन्याच तक्रारीचा भाग धरावा. आणि जॉबशीटवर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहून, दोष त्याच्यासमोर चालवून पाहिल्यावरच सही घ्यावी. पट्टीसाठी झाकण मागेपुढे करायला अर्धा मिनिटही लागला नसता. तिन्ही जॉबशीटच्या झेरॉक्स प्रती, कंपनीचे नाव झाकून, या पत्रासोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक वाचक, कराड