टेंडर भरलं नाही म्हणून विचारायचंच नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निकृष्ट कामाची बातमी तुमच्या पेपरात दोन दिवसाआड असते, फोटोसकट. पण ते काम मुळात त्या ठेकेदाराला मिळालं कसं, आणि चुकीचं मिळालं असेल तर विचारायचा हक्क कोणाला, यावर कधी काही वाचल्याचं आठवत नाही म्हणून हे पत्र. मी वकील नाही, रिटायर शिक्षक आहे, कुठे चुकलं तर वकील मंडळींनी कान पकडावा.

आमची वाडी सिंधुदुर्ग जिल्ह्यात, अगदी किनाऱ्यावर. दर पावसाळ्यात दोन-चार माड समुद्र घेऊन जातो. बरीच वर्षं हेलपाटे मारल्यावर धूप प्रतिबंधक बंधारा मंजूर झाला, वाडीने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, सगळे खूश. मग डंपर यायला लागले आणि त्यातून जी काळवत्री उतरली त्यातले निम्मे दगड दोन माणसं हातांनी उचलतील एवढेच. ज्येष्ठ-आषाढातली लाट बघितलेल्या माणसाला सांगायला नको त्यांचं काय होणार. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कागद हातात आले तेव्हा कळलं की टेंडरमध्ये अट होती, ठेकेदाराने समुद्रातलं किंवा खाडीतलं काम आधी पूर्ण केलेलं असलं पाहिजे, आणि ज्याला काम दिलं त्याचे दाखले सगळेच्या सगळे रस्त्याचे, खडीकरण-डांबरीकरणाचे. तरी टेक्निकल लिफाफ्यात (दर उघडण्याआधी पात्रता तपासतात त्यात) पास!

ऑफिसात गेलो (कुठल्या ते लिहीत नाही). साहेबांनी चहा सांगितला, कागद बघितलेसुद्धा नाहीत, एकच विचारलं, "गुरुजी, तुम्ही टेंडर भरलं होतंत का?" म्हटलं नाही. "मग तुमचा काय संबंध?"

माझ्यासोबत आमचे शेजारी आले होते, त्यांच्या पडवीपासून पाणी वीस पावलांवर आलंय. बाहेर आल्यावर म्हणाले, "आमची घरां समुद्रात जातली, पण इचारूचो अधिकार आमका नाय, हो खयचो न्याय?"

ज्याचा संबंध आहे तो काय करतो तेही ऐका. त्याच टेंडरमध्ये दोन नंबरला राहिलेला ठेकेदार माझा जुना विद्यार्थी, खाडीवर जेट्टीची कामं केलेला. त्याला म्हटलं तू जा कोर्टात, तर म्हणतो गुरुजी माझी दोन बिलं तिथंच अडकलीयत आणि पुढच्या वर्षी परत त्याच टेबलावर जायचंय, समुद्रात राहून माशाशी वैर कोण करणार. म्हणजे बघा, ज्याला दार उघडं आहे तो आत जात नाही आणि ज्याला जायचंय त्याला दारातच विचारतात तू कोण.

आता "संबंध नाही" हे म्हणणं कायद्याने पूर्ण खरं आहे का? टेंडर भरून डावलला गेलेला माणूस राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट करू शकतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण १९७९ सालचा रमणा शेट्टी विरुद्ध इंटरनॅशनल एअरपोर्ट ऑथॉरिटी हा सुप्रीम कोर्टाचा निकाल जरूर वाचण्यासारखा आहे. केस आपल्या मुंबई विमानतळाचीच, एक रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला द्यायचे होते. अट होती की टेंडर भरणारा पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत सेकंड क्लास हॉटेलवाला हवा, आणि काम मिळालं ते कँटीन चालवणाऱ्याला. शेट्टींनी टेंडर भरलंच नव्हतं! त्यांचं म्हणणं, अट सैल करणार हे माहीत असतं तर मीही भरलं असतं. न्या. भगवतींनी ते मान्य केलं, सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाच बांधून ठेवते असं स्पष्ट सांगितलं. आमच्या बंधाऱ्याची गोष्ट याहून वेगळी आहे का?

पण शेट्टींना हातात काही मिळालं नाही. एक तर याचिका पाच महिन्यांहून जास्त उशिरा केली, तोवर समोरच्याचा खर्च होऊन गेला होता, आणि दुसरं, कोर्टाला वाटलं की यांना दुसऱ्याच कोणीतरी पुढे केलंय. ही दुसरी भीती खोटी नाही. पडलेला ठेकेदार गावातल्या एखाद्या "समाजसेवकाला" पुढे करून काम अडवतो आणि मग तडजोड करून दोघं गप्प होतात, हे आपल्याकडेही ऐकायला मिळतं. म्हणून मुंबई हायकोर्टाने जनहित याचिकेसाठी, म्हणजे स्वतःसाठी नाही तर लोकांसाठी केलेल्या याचिकेसाठी, २०१० मध्ये नियम केले, ते मला मान्यच आहेत.

माझं भांडण उशिराशी आहे. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस, नाही दिलं की पहिलं अपील, त्यात आणखी ३० ते ४५ दिवस, आणि वर्क ऑर्डर आमच्याकडे आठवड्यात निघाली! कागद हातात पडेपर्यंत पहिलं रनिंग बिलसुद्धा (झालेल्या कामापुरतं) निघालं. मग कोर्टात जा, तर विचारणार इतके दिवस झोपला होतात का. आणि काम सुरू झाल्यावर कोर्टंही हात आखडता घेतात, १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून सुप्रीम कोर्टाची भूमिका हीच आहे की आम्ही निर्णय कसा घेतला ते बघू, निर्णय बरोबर का चूक ते नाही, २००६ मध्ये जगदीश मंडल केसमध्ये तर सांगितलं की मनमानी किंवा लबाडी दिसते का आणि जनहिताला बाधा येते का हे विचारल्याशिवाय हात घालू नका, आणि २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात पायाभूत सुविधांच्या कामांना सहसा स्टेच देऊ नका असं म्हटलंय. त्यांचंही चूक नाही, मुंबई-गोवा हायवे रखडला की काय होतं ते आम्ही कोकणातली माणसं दर गणपतीला भोगतो. पण मग आक्षेप घ्यायची वेळ वर्क ऑर्डरच्या आधीच मिळायला हवी ना.

युरोपियन युनियनमध्ये मोठ्या टेंडरचा निकाल कळवल्यावर किमान १० दिवस करारावर सही करता येत नाही. शेजारच्या कर्नाटकात १९९९ चा टेंडर पारदर्शकतेचा कायदा आहे, ३० दिवसांत अपील होतं, पण तिथंही फक्त टेंडर भरणाऱ्यालाच. आपल्याकडे निदान एवढं करा, टेक्निकल लिफाफ्यात कोण कशावर पास झाला तो तक्ता काम जिथे होणार त्या ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, पंधरा दिवस थांबा, आणि ग्रामसभेने ठराव करून आक्षेप घेतला तर लेखी उत्तर दिल्याशिवाय वर्क ऑर्डर काढू नका. एवढ्याने साहेबांचं काय बिघडणार आहे?

एक बरं झालं, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही त्यात. पूर्वी तारखेला मुंबई गाठायची म्हणजे रात्रभर प्रवास आणि नातेवाईकाकडे मुक्काम, आता सकाळी घाट चढून संध्याकाळी घरी. वाडीत वर्गणी काढायचं चाललंय, वकिलांनी कागद मागितलेत. डंपर मात्र आता रात्रीसुद्धा चालू आहेत.

माझं नाव छापू नये ही विनंती, भाचा त्याच खात्यात नोकरीला आहे.

आपला,
एक किनाऱ्यावरचा वाचक
जि. सिंधुदुर्ग